कर्रर्र… खट्!

शनिवार सकाळ. बायको अजून उठायची आहे, माझा दुसरा चहा झालाय, आणि कीबोर्डच्या चार-पाच बटणांवर काळे ठसे उमटलेत. ठसे माझेच. आत्ताच ड्राइव्हवेवरून आत आलोय. हात दोनदा साबणाने धुतले, पण ग्रीस ते ग्रीस. नखांतून निघायला सोमवार उजाडतो. सोमवारच्या मीटिंगला कॅमेरा चालू असतो, पण त्यात नखं दिसत नाहीत एवढं बरं.

तर आजचा विषय आहे हिच. गाडीमागे ट्रेलर जोडायचं लोखंडी धूड. त्यातही ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’. थांबा, पळून जाऊ नका! ह्यात माझे बाबा आहेत, एसटी आहे, कडब्याची बैलगाडी आहे आणि मी केलेला एक गाढवपणा आहे, जो चौघांच्या जिवावर बेतला असता.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. चार वर्षं बीमवर लोड टाकून शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे आलेख काढले आणि शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून थेट आयटीत गेलो. (हसू नका. आमची निम्मी बॅच तिकडेच गेली.) पुढे एमएस, नोकरी, लग्न, आणि आता डेन्व्हरच्या दक्षिणेला एक भाड्याचं घर. कोलोरॅडोत राहायचं आणि वीकेंडला घरात बसायचं हे इथे पाप मानतात. म्हणून २०२३ च्या वसंतात आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. चोवीस फुटी, चाकांवरचं वन-रूम-किचन. विकणाऱ्या आजोबांनी हिच सोबत तसाच देऊन टाकला. दुकानात नेऊन तो माझ्या पिकअपला बसवून घेतला, तिथल्या माणसाने एकदा सगळं ॲडजस्ट करून दिलं, आणि मी समजलो की हे काम आयुष्यभरासाठी झालं. एकदा कॉन्फिगर केलं की विसरायचं!

आता हा हिच करतो काय? समजा ट्रेलरचं वजन ५,६०० पाउंड आहे. त्यातलं बहुतेक ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण दहा ते पंधरा टक्के पुढच्या टोकाला, म्हणजे गाडीमागच्या बॉलवर यावं लागतं. ह्याला म्हणतात टंग वेट. हा बॉल असतो पिकअपच्या मागच्या चाकांच्याही चार-पाच फूट मागे. म्हणजे झाला की सी-सॉ! मागच्या टोकावर वजन पडलं की मागची चाकं टेकू होतात आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, ब्रेकचं मोठं काम पुढच्या चाकांवर, आणि नेमकी तीच रस्त्यावर अलगद टेकलेली. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच.

ह्याच्यावर उपाय म्हणजे दोन जाड पोलादी दांडे, स्प्रिंग बार. त्यांचं एक टोक हिचच्या डोक्यातल्या खोबणीत बसतं, दुसरं टोक साखळीने ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला वर ओढून अडकवायचं. बार वाकतात आणि ढकलगाडीचे दांडे वर उचलावेत तसे गाडीचं ढुंगण वर उचलतात. त्यामुळे मागच्या चाकांवरचं थोडं वजन पुढच्या चाकांवर जातं आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर. साखळीची कोणती कडी अडकवायची ह्यावर बार किती ताणला जाणार ते ठरतं. माझ्याकडे ह्याशिवाय एक घर्षणाचा दांडाही होता, फ्रिक्शन स्वे बार. ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे डोलायला लागला तर हा दांडा आत-बाहेर सरकतो आणि त्याचे पॅड त्याला घट्ट धरून विरोध करतात. बस, एवढंच यंत्र. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही, अपडेट नाही.

पण आवाज आहे. माझा हिच दोन आवाज काढायचा. वळताना ‘कर्रर्र’ आणि खड्ड्यातून जाताना ‘खट्’. पहिलं वर्ष कानाआड केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही ग्रेट सँड ड्यून्सला जाऊन आलो. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच वाळूच्या टेकड्या तिथे आहेत, आणि त्यातली थोडी वाळू आम्ही हिचमधून घरीही आणली. मग हिवाळाभर हिच बर्फात बाहेर पडून. पुढच्या मे महिन्यात बाहेर काढला तर ‘कर्रर्र’ असा की कॅम्पग्राउंडवर लोक तंबूतून डोकं काढून बघायचे. मला लाज वाटली. मी ग्रीसचा डबा आणला आणि जिथे लोखंडाला लोखंड घासतंय तिथे तिथे सढळ हाताने चोपडलं. खोबण्यांत, बॉलवर, आणि हो, त्या फ्रिक्शन बारलाही. जुन्या ग्रीसवरच नवं ग्रीस. आवाज बंद! मी खूश.

जून २०२४ मध्ये आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले. बाबा जन्मभर बार्शी डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आदल्याच वर्षी निवृत्त झालेले. आल्याबरोबर ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि टायरपाशी वाकून एकदम ओरडले, “आरं, हितंबी एसटी?” ट्रेलरच्या टायरवर खरंच ‘एसटी’ लिहिलेलं असतं. स्पेशल ट्रेलर. अशा बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांचीच मर्यादा असते हे सांगितल्यावर तर त्यांची खात्रीच पटली की ही आपलीच एसटी. :)

ड्यून्सच्या पायथ्याशी मेडानो क्रीक नावाचा ओढा आहे. बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये त्याला पाणी येतं आणि वाळूवरून छोट्या छोट्या लाटा येत राहतात. ते आईला दाखवायचं होतं. आईला वेगळीच काळजी. “वाळवंट म्हणतोस, पाणी मिळंल का तिकडं?” म्हणून मी ट्रेलरची चाळीस गॅलनची टाकी गळ्यापर्यंत भरली. दोन सायकली मागच्या रॅकवर चढवल्या. बार अडकवताना एक कडी सैल लावली, कारण घट्ट कडीला जोर फार लागायचा आणि बाबांसमोर मला धापा टाकायच्या नव्हत्या. निघालो.

आय-२५ ने दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्ज मागे पडलं. उतार होता, बाजूने वारा होता, मी पासष्टवर होतो. डावीकडून एक मोठा अठरा चाकी ट्रक पुढे गेला. असा ट्रक शेजारून जाताना आधी हवेने ढकलतो आणि मग ओढतो, हे नेहमीचंच. नेहमी ट्रेलर एकदा डुलतो आणि सरळ होतो. ह्या वेळी तो एकदा डुलला, मग जास्त डुलला, मग त्याहून जास्त. आरशात एकदा डाव्या बाजूची खिडकी दिसायची, एकदा उजव्या बाजूची. स्टिअरिंग फिरवतोय पण गाडी ऐकत नाहीये. मागच्या सीटवर आईने विठ्ठलाचं नाव घेतलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मेकॅनिक गप्प बसला की समजायचं.

पाय ब्रेकवर जातच होता, पण कुठेतरी वाचलेलं आठवलं: गाडीचा ब्रेक दाबू नकोस, ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लाव. डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर असतो, त्यावरची छोटी कळ हाताने दाबली. ट्रेलर मागून ओढला गेला, दोरी ताणल्यासारखा सरळ झाला. सगळं मिळून सात-आठ सेकंद असतील. पुढच्या एक्झिटला ट्रक स्टॉपमध्ये शिरलो, इंजिन बंद केलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझे गुडघे थरथरतायत.

बाबा उतरले, पँट सावरत हिचसमोर उकिडवे बसले. एक बोट फ्रिक्शन बारवरून फिरवलं आणि ते काळं बोट मला दाखवलं.

“हे ग्रीस कुणी लावलं?”

“मी.”

“हितं?”

“आवाज येत होता, बाबा.”

“आरं, ब्रेकच्या लायनरला कुणी ग्रीस लावतं का?”

एवढंच बोलले. मला चार वर्षांची डिग्री तिथेच त्या डांबरावर परत करावीशी वाटली. घर्षणावर चालणाऱ्या वस्तूचं घर्षण मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. तो ‘कर्रर्र’ म्हणजे तक्रार नव्हती, ते त्याचं काम होतं. ऑफिसात एखादा अलर्ट रात्री-अपरात्री त्रास देतो म्हणून कुणी तो म्यूट केला, तर मी त्याच्यावर दोन पानी मेल लिहितो. आणि इथे?

मग ते ट्रेलरच्या मागे गेले. सायकली बघितल्या, टाकी कुठे आहे ते विचारलं. चाकांच्या मागे, हे ऐकल्यावर म्हणाले, “गाडी उलाळलीय तुझी.”

ज्यांनी बैलगाडी भरलेली नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्यासह सगळ्यांसाठी): गाडीत मागे वजन जास्त झालं की पुढची दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. हे उलाळणं. पुढे जास्त झालं तर बैलांच्या मानेवर भार येतो. बाबा लहानपणी गावाकडे कडबा भरायचे तेव्हा आजोबा अधूनमधून दांडी हाताने उचलून बघायचे म्हणे, किती जड लागते ते. टंग वेटचं मोजमाप! वजनकाटा नाही, पुस्तक नाही.

माझा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे चाळीस गॅलनचं साधारण ३३० पाउंड, तेही चाकांच्या मागे. सायकली आणि रॅक मिळून सव्वाशेच्या आसपास, तेही अगदी शेपटीला. एरवी माझं टंग वेट बारा टक्के असायचं, ते त्या दिवशी साडेआठवर आलं होतं. दहाच्या खाली गेलं की ट्रेलर डोलायला निमित्तच शोधतो. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मलाही ती उशिरा कळली. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ट्रेलरमध्ये चुकीचं भरलेलं सामान बरोबर करत नाही. गाडीची ओढायची क्षमताही वाढवत नाही. बॉलवर आलेलं वजन तो फक्त वाटून देतो. म्हणजे माझ्याकडे एक नाही, तीन चुका होत्या. मागे भरलेलं वजन, सैल कडी आणि ग्रीस. यातली एकेकटी चूक कदाचित खपून गेली असती. तिघी एकाच दिवशी भेटल्या.

त्या दिवशी ला व्हेटा घाट चढायचा होता, ९,४१३ फूट. बायको म्हणाली, “नाही.” बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी टाकीचा कॉक उघडून दिला. पाणी सोडलं, सायकली पिकअपमध्ये पुढच्या बाजूला आडव्या घातल्या, कडी घट्ट केली, निकामी झालेला फ्रिक्शन बार काढून ठेवला आणि उजव्या लेनमधून पन्नासच्या वेगाने लेक प्वेब्लोच्या स्टेट पार्कपर्यंत गेलो. नशिबाने एक जागा रिकामी होती. मला फार वाईट वाटत होतं. आई म्हणाली, “तळं काय वाईट हाय?” आणि तिने पिठलं टाकलं.

पुढच्या आठवड्यात फ्रिक्शन बार नवा आणला, कारण ग्रीस प्यायलेले पॅड पुसून भागत नाही. मग चौघं ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गेलो. इथे कॅट स्केल म्हणून काटे असतात, थोडे डॉलर भरले की प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं छापून देतात. बाबांचा पहिला प्रश्न, “काटा मारत नाहीत ना?” (उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.) तीन वजनं केली.

नुसती पिकअप, आम्ही चौघं आणि सामान धरून: पुढे ३,२६० पाउंड, मागे २,३४०.

ट्रेलर जोडला पण बार लावले नाहीत: पुढे २,९६०, मागे ३,३२०, ट्रेलरच्या चाकांवर ४,९२०.

बार बरोबर कडीला लावले: पुढे ३,१४०, मागे ३,०४०, ट्रेलरवर ५,०२०.

बघा, बेरीज दोन्हीकडे ११,२०० च. हिचने एक पाउंडही कमी केला नाही. पुढच्या चाकांवरून उडालेले ३०० पाउंड होते, त्यातले १८० परत आणले आणि १०० ट्रेलरकडे पाठवले. कॉलेजात असली गणितं मी डझनावारी सोडवली असतील, पण उत्तर असं हातात छापून कधी आलं नव्हतं. पुढचं किती वजन परत यायला हवं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि ते कंपनीगणिक वेगळं असतं, तेव्हा माझे आकडे उचलू नका. आपापलं मॅन्युअल उघडा.

दर वेळी काट्यावर जायची गरज नाही. पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. माझं नुसत्या गाडीचं ३७ इंच, ट्रेलर जोडल्यावर पाऊण इंच वर, बार लावल्यावर पाव इंचच वर. हे आकडे मी ट्रेलरच्या दाराच्या आत मार्करने लिहून ठेवलेत. सामान बदललं की परत मोजायचं.

आणि देखभाल. बाबांनी दोन रविवार लावून शिकवली. पहिली गोष्ट, जुनं ग्रीस आधी पूर्ण काढायचं. ग्रीसमध्ये वाळू मिसळली की ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतं. ते खोबण्या खातं, बॉल खातं, बारची टोकं खातं. बाबांना रॉकेल हवं होतं, मी मिनरल स्पिरिट आणलं. चिंध्यांनी पुसता पुसता खोबणीतून अख्खं सँड ड्यून्स निघालं. बाबा ग्रीस निपल शोधत होते. माझ्या मॉडेलला ते नाहीच, हे कळल्यावर त्यांनी अमेरिकेबद्दलचं मत थोडं खाली आणलं. मग बोटाने नवं ग्रीस, पातळ थर, फक्त खोबण्यांत आणि बॉलवर. फ्रिक्शन बार कोरडा ठणठणीत. त्याला तेल नाही, रंग नाही.

दुसरी गोष्ट, ‘खट्’. ही मात्र खरी तक्रार होती. बॉलखालचा मोठा नट सैल झाला होता. सव्वा इंची दांड्याच्या बॉलचा नट साधारण ४५० फूट-पाउंडला आवळावा लागतो. माझा टॉर्क रेंच दीडशेला संपतो. बाबा पाइप घालून लोंबकळायला तयार होते, पण मी मुकाट्याने गॅरेजमध्ये नेला. बाकी मग डोळ्यांचं काम. वेल्डिंगला तडा आहे का, साखळीच्या कड्या झिजल्यात का, पिनच्या क्लिपा जागेवर आहेत का, गाडीखालचे रिसीव्हरचे बोल्ट घट्ट आहेत का, कपलरची पकड बॉलवर ढिली तर नाही.

तिसरी गोष्ट धापा टाकण्याची. साखळी ओढताना जोर लागतो, तर जोर लावायचाच नाही! बॉलला कपलर अडकवून कुलूप लावलं की ट्रेलरचा जॅक फिरवून ट्रेलरचं नाक आणि गाडीचं ढुंगण दोन्ही मिळून वर उचलायचं. मग हवी ती कडी दोन बोटांनी बसते. सोडतानाही तसंच. ताणलेल्या बारचा दांडा हातातून सुटला तर हनुवटी फोडतो. हे सगळं मॅन्युअलच्या चौथ्या-पाचव्या पानावर लिहिलेलं होतं. आम्ही लोकांना ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ म्हणून सांगतो त्यातलाच मी.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. त्या सप्टेंबरात आम्ही दोघंच घाट चढून ड्यून्सला गेलो. ओढा आटलेला, वाळू सगळीकडे. आईला लाटा दाखवायच्या राहिल्याच आहेत, त्यासाठी ती परत यायचं म्हणते. वळणावर ‘कर्रर्र’ झालं की बायको आता गाण्याचा आवाज कमी करून ऐकते. आलं की वाढवते.

आज सकाळचं ग्रीस पुढच्या वीकेंडसाठी. बार्शीत आत्ता संध्याकाळ आहे, जेवणं व्हायच्या आत फोन येईल. ट्रेलर कसा आहे, नोकरी कशी आहे हे नंतर. आधी, “जुनं काढलंस का नुसतं वरनं लावलंस?”

काढलं, बाबा.